स्टंपवरचा रुपया

२ नोव्हेंबर २०२५ ला रात्री आमच्या घरी आमटी तीनदा गरम करावी लागली. पावसामुळे मॅच उशिरा सुरू झालेली, आणि टीव्हीसमोरून उठायला कुणी तयार नाही. शेवटी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून वर्ल्ड कप जिंकला आणि घरात एकच कल्ला झाला. त्या गडबडीत पडद्यावर एक दृश्य येऊन गेलं. कॅप्टन हरमनप्रीत कौर एका पन्नाशीच्या गृहस्थाच्या पाया पडली आणि मग त्याच्या गळ्यात पडून रडली.

माझी पुतणी बारा वर्षांची. तिने विचारलं, "काका, हो कोण?"

म्हटलं, अमोल मुझुमदार. त्यांचा कोच.

"तो इंडियाच्या टीमींत खेळटालो?"

नाही, म्हटलं. कधीच नाही.

"मागीर?"

ह्या "मागीर?"चं उत्तर मला त्या रात्री देता आलं नाही. आमटी तिसऱ्यांदा करपायला आली होती. पण तो प्रश्न नंतर बरेच दिवस डोक्यात राहिला, आणि त्याचं उत्तर शोधायला गेलो तर थेट दादरच्या एका शाळेत आणि तिथल्या एका मालवणी माणसापाशी जाऊन पोचलो. म्हणून हे लिहायला बसलोय.

रमाकांत आचरेकर. जन्म १९३२, मालवणचा. आपल्या पेडण्यातून तेरेखोलची खाडी ओलांडली की सिंधुदुर्ग लागतो, त्यामुळे हा माणूस तसा आपल्या शेजारघरचाच. आडनावावरून मूळ गाव आचरा हे तर उघडच आहे. हो, तेच आचरा, जिथे काही वर्षांनी एकदा 'गावपळण' होते आणि अख्खा गाव गुरांढोरांसकट, कोंबड्यांसकट तीन दिवस वेशीबाहेर राहायला जातो! पोटासाठी कायमची गावपळण केलेले मालवणी मुंबईत लाखोंनी आहेत, आचरेकरांचं घर त्यातलंच एक.

खेळाडू म्हणून त्यांची कारकीर्द सांगायला चार ओळी पुरतात. १९४३ मध्ये क्रिकेट सुरू केलं, १९४५ मध्ये न्यू हिंद स्पोर्ट्स क्लबकडून खेळले. मग यंग महाराष्ट्र, गुलमोहर मिल्स, मुंबई पोर्ट असे संघ. पुढे स्टेट बँकेत नोकरी. आणि १९६३-६४ च्या हंगामात मोईन-उद-दौला स्पर्धेत स्टेट बँकेकडून हैदराबादविरुद्ध एक प्रथम श्रेणी सामना. एकच. त्याच्या मागे काही नाही आणि पुढेही काही नाही.

मला वाटतं, त्यांच्या गोष्टीतला हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे आणि त्याकडे कुणी फारसं बघत नाही. आपल्याकडे शिकवायचा हक्क ज्याने स्वतः नाव कमावलंय त्यालाच, असा एक समज आहे. नाटकातही तेच आणि गाण्यातही तेच. आचरेकर सरांकडे मुलांना दाखवायला स्वतःची एक सेंच्युरीसुद्धा नव्हती. होतं ते फक्त बघणं. समोरचा मुलगा काय करतोय हे तासन्‌तास बघत राहणं.

ते शारदाश्रम विद्यामंदिरचे क्रिकेट कोच होते आणि शिवाजी पार्कवर त्यांचा कामत मेमोरियल क्लब होता. ज्यांना मुंबईचं शालेय क्रिकेट ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. आपल्याकडे शाळेचा पेला म्हणजे तालुक्याच्या मैदानावर दोन दिवस धुरळा आणि मग आमदारांच्या हस्ते बक्षीस. मुंबईत मोठ्या मुलांची हॅरिस शील्ड आणि लहानांची गाइल्स शील्ड ह्या शंभर वर्षांहून जुन्या स्पर्धा. शाळाशाळांत अनेक दिवस चालणारे सामने, सीझन बॉल, पांढरे कपडे, दुसऱ्या दिवशी पेपरात धावफलक. तेरा वर्षांच्या मुलाचं नाव पेपरात छापून येणं म्हणजे काय, ते त्या मुलाच्या आईला विचारा! तर ह्या व्यवस्थेत आचरेकर सर चांगली मुलं हेरायचे आणि पालकांना सांगायचे, शाळा बदला, आमच्याकडे पाठवा. सचिन तेंडुलकर असाच वांद्र्याच्या शाळेतून शारदाश्रममध्ये आला.

सचिनचं नाव निघालं की सगळी गोष्ट त्याचीच होऊन बसते, म्हणून थोडं सांभाळून लिहितो. १९८४ च्या उन्हाळी शिबिरात अकरा वर्षांच्या सचिनला भाऊ अजित घेऊन गेला. सरांसमोर पोरगं बावरलं, धड खेळलंच नाही. अजितने विनंती केली की सर, तुम्ही जरा बाजूला जाऊन लांबून बघा. सर झाडामागे गेले, तिथून बघितलं आणि घेतलं. ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. पण तिच्यातली सरांची बाजू बघा ना. किती शिक्षक असं ऐकून घेतील? "तुमच्यामुळे मुलगा घाबरतोय" असं विशीतला एक पोरगा सांगतो आणि पन्नाशी ओलांडलेला मास्तर निमूट झाडामागे जातो! पुढे ती त्यांची पद्धतच असल्याचं सचिनने आत्मचरित्रात लिहिलंय. आडोशाला उभं राहून सामने बघायचे, चुका कागदाच्या कपट्यावर टिपून घ्यायच्या आणि नंतर एकेकाला समोर घेऊन सांगायच्या.

दुसरी गोष्ट ग्रिपची. सचिन बॅट फार खाली धरायचा. मोठ्या भावाच्या बॅटने खेळून लागलेली सवय. पुस्तकाप्रमाणे ती चूक. सरांनी बदलून बघितली, पोराला जमेना, तेव्हा सोडून दिली. पुढे जगाने ती ग्रिप चोवीस वर्षं बघितली. पोराचा हात पुस्तकापेक्षा खरा मानायला शिक्षकाच्या अंगी काय लागतं ते मला नीट सांगता येणार नाही, पण ते दुर्मीळ असतं एवढं नक्की.

आणि मग सामने. सरांचा नेटपेक्षा सामन्यांवर भर. उन्हाळ्याच्या एका सुट्टीत साठ दिवसांत पंचावन्न सराव सामने खेळल्याचं सचिनने लिहिलंय. सकाळी साडेसातला नेट, मग सामना, संध्याकाळी परत नेट. एका मैदानावर आऊट झाला की सर स्कूटरवर मागे बसवून दुसऱ्या मैदानावर घेऊन जायचे, तिथे बॅटिंग. कपड्यांचा जोड एकच, दुपारी घरी येऊन धुवायचा आणि संध्याकाळी दमट खिशांसकट घालायचा. दिवसाच्या शेवटी, अंधारून येताना, स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवलं जाई. सगळी पोरं, साठ-सत्तर, क्षेत्ररक्षणाला. जो आऊट करील त्याला रुपया, आऊट नाही झाला तर रुपया सचिनचा. त्यानंतर पॅड, ग्लव्ह्जसकट शिवाजी पार्कला दोन फेऱ्या. असे तेरा रुपये सचिनने जपून ठेवलेत, ही त्याची सगळ्यात मोठी कमाई असं तो सांगतो. मला मात्र त्या साठ-सत्तर पोरांचं कौतुक वाटतं. दिवसभर उन्हात राबून झाल्यावर रोज एका रुपयासाठी दुसऱ्याच्या मागे धावायचं. त्यांच्याशिवाय तो रुपया स्टंपवर नुसताच पडून राहिला असता.

आता थपडेची गोष्ट. हीसुद्धा सचिनने स्वतः अनेकदा सांगितलीय. सरांनी एक सराव सामना ठरवला होता. तो सोडून सचिन वानखेडेवर शारदाश्रमच्या सीनियर टीमची फायनल बघायला गेला. सर तिथे भेटले. विचारलं, आज किती केलेस? म्हणाला, मी आपल्या टीमसाठी टाळ्या वाजवायला आलोय. सणसणीत थप्पड. हातातला डबा उडाला. आणि मग सरांचं ते प्रसिद्ध सांगणं, की तू दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवू नकोस, असा खेळ की लोक तुझ्यासाठी वाजवतील.

ही गोष्ट शिक्षकदिनाला हमखास निघते. लोक डोळे पुसतात, "आता कुठे राहिलेत असे गुरू" म्हणतात. माझ्याच्याने ते होत नाही. कारण त्याच सुमाराला तशीच एक थप्पड मीही खाल्लीय.

आमच्या गावच्या हायस्कुलात पी.टी.चे एक सर होते. नाव लिहीत नाही. शाळेला मैदान नव्हतं. सरद पिकाचं भात कापून झालं की ज्या शेतात वायंगण करत नसत तिथे आमचं क्रिकेट चाले, ढेकळं फोडून केलेल्या पिचवर. लहानपणी माडाच्या पिड्याची बॅट, मोठं झाल्यावर शाळेची एक खरी बॅट, सुतळीने गुंडाळलेली. सरांना क्रिकेट कुणी शिकवलं होतं देव जाणे, बहुतेक रेडिओने! पण दर संध्याकाळी ते सायकल बांधावर टेकवून उभे असत. त्यांचं एकच वाक्य, "बॉल पळय रे, लोकांक पळयनाका!" मी आठवीत. डावखुरा स्पिन टाकायचो, बरा टाकायचो असं म्हणायला हरकत नाही. त्या वर्षी देवळाच्या जत्रेत मुलांचं नाटक होतं आणि त्यात मला काम मिळालं. गोव्यात नाटकात काम मिळालं म्हणजे बाकी सगळं गेलं वाऱ्यावर. मी प्रॅक्टिसला दांड्या मारू लागलो, आणि एकदा दुसऱ्या शाळेशी मॅच असताना थेट तालमीला गेलो. सर सायकल मारत देवळात आले. सगळ्यांसमोर, म्हणजे पेटीवाल्यासमोर, मुलींची कामं करणाऱ्या पोरांसमोर, दिग्दर्शक भाटकारासमोर, कानाखाली एक दिली आणि एक शब्द न बोलता निघून गेले.

घरी सांगितलं तर आई म्हणाली, "मास्तरान मारला म्हणल्यार तुवें कितें तरी केलां आसतलें." विषय संपला. मी मात्र परत शेतात गेलो नाही. त्या वर्षी नाही आणि पुढच्या वर्षीही नाही.

सचिन थप्पड खाऊन मैदानात गेला, मी थप्पड खाऊन मैदान सोडलं. त्यामुळे त्याची गोष्ट जगाला ठाऊक आहे आणि माझी तुम्ही पहिल्यांदाच वाचताय. थपडा खाऊन गप्प घरी बसलेली मुलं भाषणं करत नसतात. शिक्षणाच्या हक्काचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि शाळेत मुलांवर हात उगारायला रीतसर बंदी आली, ते योग्यच झालं. आचरेकर सरांनी घडवलं ते थपडेने नव्हे, असंच मला वाटतं. थप्पड एका मिनिटाची. त्यांनी घडवलं ते साठ दिवसांतल्या पंचावन्न सामन्यांनी, स्कूटरच्या पेट्रोलने आणि झाडामागच्या तासांनी. पण गोष्ट म्हणून थप्पडच सांगायला सोपी पडते, काय करणार?

बरं, मुलं त्यांचं सगळं ऐकत होती असंही नाही. ऐकत असती तर जगप्रसिद्ध भागीदारी झालीच नसती! फेब्रुवारी १९८८, आझाद मैदान, हॅरिस शील्डची सेमीफायनल, शारदाश्रम विरुद्ध सेंट झेवियर्स. शारदाश्रम २ बाद ८४ असताना चौदा वर्षांचा सचिन आणि सोळा वर्षांचा विनोद कांबळी एकत्र आले. मग जे झालं ते झालं. आचरेकर सर मैदानावर नव्हते. त्यांचा निरोप होता डाव घोषित करा, आणि त्यांचे सहायक बाउंडरीवरून ओरडून ओरडून थकले. पोरांनी त्या दिशेला बघायचंच सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सरांशी फोनवर बोलणं झालं, आणि मग सुटका नव्हती. कांबळी ३४९ वर होता, एक धाव हवी होती. सर म्हणाले, नाही. २ बाद ७४८, सचिन नाबाद ३२६, कांबळी नाबाद ३४९, भागीदारी नाबाद ६६४. झेवियर्सच्या त्या बिचाऱ्या गोलंदाजांत साईराज बहुतुले होता, जो पुढे भारताकडून खेळला. कांबळीने मग गोलंदाजीतही सहा विकेट काढल्या आणि झेवियर्स १४५ मध्ये संपले. तो विक्रम २००६ मध्ये हैदराबादच्या दोन शाळकरी मुलांनी ७२१ ची भागीदारी करून मोडला.

ती एक धाव सरांनी का दिली नाही, ह्यावर मी बराच विचार केलाय. मला वाटतं त्यांच्या डोक्यात मॅच जिंकणं होतं आणि बाकीची नऊ मुलं होती. त्या नऊंपैकी एक जण दोन दिवस पॅड बांधून बसला होता. पुढचा नंबर त्याचा. तेरा वर्षांचा अमोल मुझुमदार. त्याची बॅटिंग आलीच नाही.

ही गोष्ट त्याला आयुष्यभर चिकटली. १९९३-९४ च्या हंगामात मुंबईकडून रणजी पदार्पणातच हरियाणाविरुद्ध २६० धावा केल्या, तेव्हा पदार्पणातला तो विश्वविक्रम होता. पुढे प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा. पण भारताच्या मधल्या फळीत जागा कुठे होती? द्रविड, गांगुली, लक्ष्मण, आणि अर्थात सचिन. पॅड बांधलेलेच राहिले. आमच्या पिढीत मुझुमदारचं नाव निघालं की लोक "च्‌ च्‌" करायचे, जणू काही त्याला घरात कुणी वारलंय.

आणि आता २०२५ मध्ये वर्ल्ड कप जिंकलेल्या संघाची कॅप्टन त्याच्या पायावर डोकं ठेवते.

पुतणीच्या "मागीर?"चं उत्तर ह्यात कुठेतरी आहे. आचरेकर सरांचे कोण कोण शिष्य, अशी यादी निघाली की लोक कसोटी खेळलेल्यांची नावं घेतात. बलविंदर सिंग संधू, ज्याने १९८३ च्या फायनलमध्ये ग्रीनिजचा त्रिफळा उडवला. प्रवीण आमरे, १९९२ मध्ये दरबानला पदार्पणात शतक. कांबळी, १९९३ मध्ये लागोपाठ दोन कसोटींत द्विशतकं. अजित आगरकर, समीर दिघे, रमेश पोवार, चंद्रकांत पंडित, लालचंद राजपूत. ठीक आहे. पण ह्यांतले किती जण पुढे शिकवायला लागले ते बघा. २००७ चा पहिला टी-ट्वेंटी वर्ल्ड कप जिंकला तेव्हा संघाबरोबर राजपूत होते. पोवारने मुलींच्या भारतीय संघाला शिकवलं. आमरे कित्येकांचा बॅटिंग कोच. आणि चंदू पंडित! त्यांचा तर वेगळा लेख व्हायला हवा. १९९८-९९ मध्ये मध्य प्रदेशचे कॅप्टन म्हणून बेंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर रणजीची फायनल हरले. मग कोच म्हणून विदर्भाला ओळीने दोनदा रणजी जिंकून दिली. आणि जून २०२२ मध्ये त्याच चिन्नास्वामीवर मध्य प्रदेशला, त्या राज्याच्या इतिहासात पहिल्यांदा. आमचे इंदूरचे एक स्नेही आहेत, चार पिढ्या तिथे राहिलेले. त्या दिवशी फोनवर ते बोलूच शकले नाहीत, नुसते हुंकार देत होते. पण गंमत पुढेच आहे. त्या फायनलला समोर मुंबई होती आणि मुंबईचा कोच होता अमोल मुझुमदार. दोन्ही पॅव्हेलियनमध्ये आचरेकर सरांचीच पोरं! कोण जिंकलं ह्याने मग काही फरक पडत होता का? (मुंबईकरांना पडला म्हणे.)

सर हे बघायला नव्हते. १९९० मध्ये द्रोणाचार्य, २०१० मध्ये पद्मश्री मिळाली. अर्धांगवायूने शेवटची कित्येक वर्षं खुर्चीत काढली. १६ नोव्हेंबर २०१३ ला सचिनने वानखेडेवर निरोपाचं भाषण केलं. त्यात म्हणाला की २९ वर्षांत सर मला एकदाही 'चांगलं खेळलास' म्हणाले नाहीत, आता म्हणायला हरकत नाही, कारण आता मी खेळणार नाही. सगळं स्टेडियम हसलं आणि रडलं. मी टीव्हीसमोर बसून विचार करत होतो की एकदा म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? कांबळीला म्हणायला हवं होतं का? आगरकरला? एकच औषध सगळ्यांना लागू पडतं का? ह्याचं उत्तर सरांनाही ठाऊक असेल असं वाटत नाही. प्रत्येक मुलाचा हात वेगळा हे त्यांना समजत होतं, प्रत्येक मुलाचं मनही तितकंच वेगळं असतं हे त्या पिढीच्या कुठल्या मास्तराला समजत होतं?

२ जानेवारी २०१९ ला सर गेले. दुसऱ्या दिवशी शिवाजी पार्कच्या पोरांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभं राहून बॅटी उंचावून मानवंदना दिली. सचिनने खांदा दिला. सरकारी इतमाम मिळाला नाही म्हणून पेपरांत बरीच टीका झाली, पण बॅटींची ती कमान बघितल्यावर बंदुकांच्या फैरी हव्यात कशाला असंच मला वाटलं.

३ डिसेंबर २०२४ ला शिवाजी पार्कवर त्यांचं स्मारक झालं. उद्‌घाटनाला सचिन होता आणि कांबळीही. आजारी, थकलेला. सचिन भेटायला गेला तेव्हा कांबळीने त्याचा हात धरला तो सोडेचना. त्या व्हिडिओवर लोकांनी जे लिहिलं ते वाचून माझं डोकं दुखायला लागलं. एकाने काय कमावलं, दुसऱ्याने काय घालवलं, सगळे हिशेब तयार! मला दिसली ती ३२६ आणि ३४९, एकमेकांना धरून. बाउंडरीवरून कुणी हाक मारत असलं तरी तिकडे बघायचं नाही असं ठरवलेली.

आता आपल्याकडे वळतो. मडगावात १९४० मध्ये जन्मलेला दिलीप सरदेसाई १९५७ मध्ये, सतरा वर्षांचा झाल्यावर, मुंबईला गेला आणि तिथे क्रिकेट शिकला. इथे पोर्तुगीज राज्य, खेळ म्हणजे फुटबॉल. तरी त्याने १९७१ मध्ये वेस्ट इंडीजमध्ये ६४२ धावा काढल्या. शाळेत असताना त्याला एखादे आचरेकर भेटले असते तर? हा प्रश्न मी पूर्वी नेहमी विचारायचो. गोव्याचा संघ रणजीत उतरला तो थेट १९८५-८६ मध्ये. आणि मग काळाची चाल बघा. डिसेंबर २०२२ मध्ये आमच्या पर्वरीच्या मैदानावर, राजस्थानविरुद्ध, सचिनचा अर्जुन गोव्याकडून पहिला रणजी सामना खेळला आणि बापासारखंच पदार्पणात शतक ठोकलं, १२०. समोर आमचा सुयश प्रभुदेसाई होता, त्याने २१२ केल्या. दोघांची भागीदारी २२१. पेपर वाचताना मनात आलं, शिवाजी पार्कवरचा तो रुपया गडगडत गडगडत पत्रादेवीचा चेकनाका ओलांडून आला की काय!

पण त्या दिवशी मला सगळ्यात जास्त आठवण आली ती आचरेकर सरांची नव्हे. आमच्या पी.टी.च्या सरांची आली.

त्यानंतर काही महिन्यांनी एका शुक्रवारी ते म्हापशाच्या बाजारात भेटले. ऐंशी ओलांडलेली, हातात छत्री, पिशवीत मयड्याची केळी. मी ओळखलं, त्यांनीही. माझं काय चाललंय ते विचारलं, मी लिहितो म्हटल्यावर "बरें, बरें" म्हणाले. सुयशच्या बॅटिंगवर बोललो. अर्जुनची बॉलिंग त्यांना फारशी पसंत नव्हती, हात पुरता वर येत नाही म्हणाले. बस यायला वेळ होता. मग काय मनात आलं कोण जाणे, मी म्हटलं, सर, तुम्हाला आठवतं का, देवळात तालमीला येऊन तुम्ही मला...

"याद आसा," ते म्हणाले. मला वाक्य पुरं करू दिलं नाही.

थोडा वेळ छत्रीच्या टोकाने जमिनीवर रेघा ओढत राहिले.

"तूं मागीर आयलोच ना," म्हणाले. "फुडल्या मॅचीक हांवें तुजें नांव बरयलेलें. येतलो म्हणून रावलों. टॉस जालो तरी रावलों."

मी विचारलं, मग माझ्या जागी कोण खेळला?

"कोणूच ना. धा जाणच खेळ्ळे."

तेवढ्यात पेडण्याची कदंबा लागली. गर्दी होती. मी त्यांची केळ्यांची पिशवी हातात घेतली आणि त्यांच्या मागून बसमध्ये चढलो. त्यांना बसायला जागा मिळाली, तेव्हा पिशवी मांडीवर ठेवली आणि उतरलो.